प्रौढ वयात कॅथलिक होण्यासाठी काय तयारी करावी लागते?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, राहणार धुळे, जन्माने हिंदू, लग्न झालेलं. कॅथलिक व्हायचं मनात आहे, पण किती दिवस लागतात, परीक्षा असते का आणि घरी कधी सांगायचं, हे कळत नाही. मी भुसावळचा. धंदा कूलर दुरुस्तीचा. २०१९ च्या ईस्टरला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझा स्नानसंस्कार (डोक्यावर पाणी ओतून ख्रिस्ती करून घेण्याचा विधी) झाला. म्हणून जे सांगतो ते ऐकीव नाही, अनुभवातलं आहे.

परीक्षा नसते. वेळ मात्र लागतो. मला सोळा महिने लागले आणि त्यातले पहिले तीन नुसते वाट बघण्यात गेले. सिस्टर लोकांच्या एका वृद्धाश्रमात मी दर उन्हाळ्यात कूलरची खस बदलायला जायचो. तिथे जे बघितलं ते दोन उन्हाळे डोक्यातून गेलं नाही, म्हणून एक दिवस चर्चमध्ये जाऊन फादरना म्हणालो, मला तुमच्यात यायचंय. ते म्हणाले, "येत जा." एवढंच! ना फॉर्म, ना पुस्तक, ना तारीख. मी दर रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसायचो आणि घरी येऊन चिडचिड करायचो. गिऱ्हाइकाला मी कधी इतकं ताटकळत ठेवत नाही. पुढे कळलं की ते मी खरंच येतो का ते बघत होते. तरी तसं सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

चर्चमध्ये जाण्याआधी एक सावधगिरी. खान्देशात जी चर्च दिसतात त्यातली बरीच प्रोटेस्टंट आहेत. माणसं चांगली आहेत, पण तुम्हाला कॅथलिक व्हायचंय ना? मग शब्दांवरून ओळखा. पाळक, उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मा हे शब्द कानावर पडले तर ते बहुधा प्रोटेस्टंट. फादर, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक प्रार्थना), स्नानसंस्कार, जपमाळ हे ऐकू आलं तर आपलं ठिकाण. बायबल घेतानाही बघून घ्या. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६. मी बाजारातून आधी ६६ वाली आणली होती. ती वाया गेली नाही, पण टोबीत हे पुस्तक कुठे गेलं म्हणून मी बराच वेळ पानं उलटत बसलो होतो. धुळे, नंदुरबार, जळगाव हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. त्यामुळे आपले बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, नाशिकला.

आता मुख्य प्रक्रिया. प्रौढांसाठीचा हा टप्प्याटप्प्याचा विधी फार जुना आहे. मधली कित्येक शतकं तो मागे पडला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. आधी नुसती चौकशी, मग दीक्षार्थी (स्नानसंस्काराची तयारी करणारा) म्हणून स्वीकार, मग शिकवणीचे महिने, मग प्रायश्चित्तकाळातली (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातली) शेवटची तयारी, मग ईस्टरची रात्र.

स्वीकाराच्या विधीत तुम्हाला चर्चच्या दारात उभं करतात आणि विचारतात, तुला काय हवंय? उत्तर द्यायचं, विश्वास. मग कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण करतात. खांद्यावर खूण झाली तेव्हा मला हसू आवरेना, कारण त्याच खांद्यावर आदल्या दिवशी कूलरची बॉडी वाहून सालपट निघालं होतं. आमच्या गार्डकाकांनी (रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, ते माझे धर्मपिता) बाहेर येताच पाठीवर थाप मारली, "भाऊ, आता मधेच गेलास तरी आम्ही रीतसर पुरतो तुला." गंमत वाटेल, पण चर्चचा नियम खरंच तसा आहे. दीक्षार्थी स्नानसंस्काराआधी वारला तरी त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती पद्धतीने होतो.

धर्मपिता किंवा धर्ममाता आधीपासून बघून ठेवा. ती व्यक्ती दृढीकरण (स्नानसंस्कारानंतर तेल लावून करायचा संस्कार) झालेली कॅथलिक हवी, साधारण १६ वर्षांच्या वरची हवी, आणि तुमचे आईवडील चालत नाहीत. घरात कोणीच ख्रिस्ती नसताना ही अट कशाला, असं मला वाटायचं. पण पुढे दर शनिवारी संध्याकाळी माझे बावळट प्रश्न त्यांनीच ऐकले. फादरना असले प्रश्न विचारायची लाज वाटते.

पाठांतर फार नाही. 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मारिया', विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सात संस्कार. वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. धर्मशिक्षणाचा मोठा ग्रंथ (१९९२ चा) २८६५ परिच्छेदांचा आहे, त्याच्या वाटेला आधीच जाऊ नका. मी उत्साहात गेलो आणि पन्नास परिच्छेदांच्या आत दमलो. 'निरोप्या' मासिक मिळालं तर वाचा. १९०३ पासून निघतंय, आणि मराठी ख्रिस्ती माणूस घरात कसा बोलतो ते त्यातून कळतं. आणि हो, स्नानसंस्कार होईपर्यंत कम्युनिअनच्या (मिस्सेत पवित्र भाकरी घेण्याच्या) रांगेत उभं राहायचं नाही, जागेवर बसून राहायचं. सगळे उठून पुढे जातात आणि आपण एकटे बाकावर. पहिले काही रविवार फार अवघड वाटतं.

माझी खरी कसोटी कूलरमुळे लागली. राखेचा बुधवार, म्हणजे प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, त्या वर्षी ६ मार्चला होता, आणि आपल्याकडे लोक नेमके तेव्हाच माळ्यावरून कूलर खाली काढतात. मार्च ते मे या तीन महिन्यांवर माझं वर्षभराचं घर चालतं. रविवारी तर फोन थांबत नाही. तयारीचे सगळे मोठे विधी मात्र नेमके त्याच रविवारी. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी निवडीचा विधी, तो बिशपांसमोर, म्हणजे पहाटेच्या गाडीने नाशिक. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी. दोन जुनी गिऱ्हाइकं कायमची तुटली. उपवासाचं विचाराल तर एकादशीवाल्या घरातल्या माणसाला तो जड नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण, आणि मांस वर्ज्य. बायको म्हणाली, हा कसला उपवास, याच्यात तर वरणभात चालतो!

त्या तीन रविवारी तीन ठरलेली वाचनं असतात. विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि मेलेला लाजर. पहिलं मला आतपर्यंत लागलं. येशू दमून विहिरीपाशी बसलाय, दुपारचे बारा वाजलेत आणि एक बाई पाणी भरायला येते. फादर प्रवचनात ज्या मुद्द्यावर आले त्याच्या आधीच मी तिथे पोचलो होतो. भर दुपारी बाराला विहिरीवर कोण जातं हो? बायका जातात पहाटे नाही तर उन्हं उतरल्यावर, घोळक्याने. जिला त्या घोळक्यात उभं राहायचं नसतं ती बाराला जाते. माझ्या मावशीच्या गावात अशी एक बाई होती. ती कोणत्या वेळेला बादली घेऊन निघायची ते मला लहानपणापासून माहीत होतं, का निघते ते मात्र मी कधी मनात आणलं नव्हतं. त्या रविवारी मला शोमरोनी बाई दिसलीच नाही, तीच दिसत राहिली. तिला बघून आम्ही पोरं काय बोलायचो तेही आठवलं. आत्मपरीक्षण म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

घरी कधी सांगायचं? बायकोला पहिल्या दिवशी. तिने कॅथलिक व्हायलाच हवं असं काही नाही, तुमचं लग्न मोडत नाही, माझी बायको आजही दर मंगळवारी गणपतीला जाते. आधीचं लग्न, घटस्फोट असं काही असेल तर मात्र ते फादरना पहिल्या भेटीतच सांगा. शेवटच्या महिन्यात निघालं की सगळं अडतं. आईला मी उशिरा सांगितलं, ती माझी चूक. तिने धर्माबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "मंग मी मेल्यावर मले पानी कोन देईन?" मी गप्प. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती त्यांच्या नावाने घागर भरते.

फादरना जाऊन विचारलं. ते म्हणाले, घागर आईची आहे, तिला भरू दे, तिची थट्टा करू नकोस आणि तिला शिकवायलाही जाऊ नकोस. पूजा तू करायची नाहीस, पण वडिलांसाठी मिस्सा ठेव. मेलेल्यांसाठी प्रार्थना आम्हीही करतो, २ नोव्हेंबर त्याचसाठी असतो. नैवेद्याच्या ताटाचं काय, असं विचारल्यावर त्यांनी बायबलातल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला दिला, तो मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलच आहे. तुम्हीही वाचा, खान्देशातल्या घरात तो फार उपयोगी पडतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. नाव बदलावं लागत नाही. संताचं नाव मी घेतलं, ते फक्त चर्चच्या वहीत आहे. स्नानसंस्काराचे पैसे नसतात, कोणी मागितले किंवा उलट कोणी काही द्यायला निघालं, तर तिथून उठून या. तुम्ही अनुसूचित जातीचे असाल तर नीट विचार करा. १९५० च्या आदेशानुसार ती ओळख हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर ती जाते. अनुसूचित जमातीला ही अट नाही. वारसा आणि धर्मांतराचे कायदे एखाद्या वकिलाकडून आधीच समजून घ्या.

ती रात्र २० एप्रिलची. चर्चबाहेर विस्तव पेटवला होता. भुसावळच्या एप्रिलमध्ये मुद्दाम विस्तवाजवळ उभं राहणारे आम्हीच. मोठी मेणबत्ती, अंधारात चाललेली वाचनं, संतांची नामावळी, मग डोक्यावर तीनदा पाणी. तेल लावून दृढीकरण, आणि त्याच मिस्सेत पहिलं कम्युनिअन. इतके महिने ज्या रांगेकडे बघत बसलो होतो त्या रांगेत त्या रात्री मी पहिला होतो. गार्डकाकांचा हात खांद्यावर होता. सालपट भरून आलं होतं.

सतरा दिवसांनी आखाजी. आईने घागर भरली, वर आंबा ठेवला. पाणी मी आणून दिलं होतं. सकाळी वडिलांसाठी मिस्सा झाली. आई आली नाही, पण मी परत आल्यावर तिने विचारलं, त्यांचं नाव घेतलं का रे तिथं? घेतलं, म्हणालो.

तुमच्याकडे चौकशी कधी सुरू होते ते तिथल्या फादरनाच विचारा. मिस्सा संपल्यावर दारात भेटतात. फक्त येत्या ईस्टरला होईल का, असं पहिल्याच भेटीत विचारू नका. मी विचारलं होतं. त्यावरच ते "येत जा" म्हणाले होते.