चक्कर कानाची, साक्ष डोळ्यांची

प्रश्न : अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला आहे. मग बिघाड नेमका कुठे आहे?

उत्तर : या वर्णनावरून सर्वप्रथम बीपीपीव्हीची, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच येणाऱ्या अल्पकालीन चक्करेची शंका येते. चक्कर आणणाऱ्या आंतरकर्णाच्या विकारांतला हा सर्वाधिक आढळणारा प्रकार एमआरआयमध्ये दिसतच नाही, त्यामुळे तुमचा अहवाल निर्दोष येण्यात नवल नाही. आंतरकर्णातील युट्रिकल या भागात एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. ते सुटून डोक्याचे वळणे टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेकदा मागच्या नलिकेत शिरले, तर डोके हलवताच ते खाली घरंगळतात आणि आपल्याबरोबर नलिकेतला द्रवही ओढतात. परिणामी डोके स्थिर झाल्यावरही ते फिरतच असल्याचा संदेश मेंदूकडे जात राहतो.

याचे निदान तपासणीच्या टेबलावर होते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडलेल्या चाचणीत रुग्णाचे डोके ४५ अंश एका बाजूला वळवून त्याला झटकन आडवे केले जाते, आणि मान टेबलाच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवून डोळ्यांचे निरीक्षण केले जाते. मागच्या नलिकेत स्फटिक असतील तर काही सेकंदांनी बुबुळे वरच्या दिशेने आणि गोलाकार झटके देऊ लागतात व साधारण मिनिटाच्या आत शांत होतात. कोणता कान आणि कोणती नलिका, हे त्या झटक्यांच्या दिशेवरून कळते. त्यानंतर जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रियेने, म्हणजे डोके ठरावीक क्रमाने वळवत, स्फटिक पुन्हा युट्रिकलमध्ये आणता येतात. असे असूनही अनेकांना महिनोन्महिने केवळ चक्करेच्या गोळ्या दिल्या जातात, हे मला खटकते. गोळीने मळमळ कमी होईल, परंतु स्फटिक जागचे हलणार नाहीत.

प्रश्न : चक्कर कशी वाटते हे मी सविस्तर सांगत होते, पण डॉक्टर मात्र ‘किती वेळ टिकते’ आणि ‘कशाने सुरू होते’ एवढेच विचारत राहिले. असे का?

उत्तर : कारण वर्णन बदलते, वेळ सहसा बदलत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना चक्करेचे स्वरूप काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारले असता अनेकांनी वेगळेच उत्तर दिले. कालावधी आणि कारण सांगण्यात मात्र ते अधिक ठाम होते. बीपीपीव्हीचा झटका सहसा मिनिटभराच्या आत ओसरतो, मेनियरच्या विकारातील (आंतरकर्णाचा हा विकार ऐकण्यावरही परिणाम करतो) २० मिनिटे ते १२ तास टिकतो, मायग्रेनशी निगडित चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत असू शकते, तर संतुलनाच्या मज्जातंतूला सूज आली असता ती सलग काही दिवस राहते. मेनियर आणि मायग्रेन यांच्या मुदती एकमेकींवर चढतात, आणि खरी अडचण तेथेच येते. मेनियरच्या निश्चित निदानासाठी श्रवणचाचणीत एका कानाच्या खालच्या व मधल्या पट्टीतील स्वर ऐकण्याच्या क्षमतेत घट नोंदलेली असावी लागते; मायग्रेनच्या चक्करेसाठी मात्र अशी एकही निर्णायक चाचणी आजवर उपलब्ध नाही.

प्रश्न : माझी कॅलरिक चाचणी सदोष आली आणि व्हिडिओ हेड इम्पल्स चाचणी निर्दोष. यांपैकी चुकीची कोणती?

उत्तर : बहुधा कोणतीच नाही. कॅलरिक चाचणीत कानात साधारण ३० आणि ४४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजतात. रॉबर्ट बारानी यांनी तिची उपपत्ती मांडली, आणि संतुलनेंद्रियावरील संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तापमानामुळे आतला द्रव गुरुत्वाकर्षणाखाली वाहू लागतो, असे ते स्पष्टीकरण होते. १९८३ मध्ये स्पेसलॅब या अंतराळातील प्रयोगशाळेतील अंतराळवीरांवर हाच प्रयोग केला तेव्हा वजनरहित अवस्थेतही डोळे हललेच, म्हणजे ते स्पष्टीकरण पूर्ण नव्हते. चाचणी मात्र टिकून राहिली.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की कॅलरिक चाचणी आडव्या नलिकेला अत्यंत संथ उद्दीपन देते. हालमागी आणि कर्थॉइज यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या हेड इम्पल्स चाचणीत याच्या नेमके उलट घडते : डोके अचानक थोडेसे वळवले जाते आणि नजर लक्ष्यावर टिकते की घसरून मागाहून उडी घेते, हे पाहिले जाते. संथ गतीची प्रतिक्रिया मंदावलेली आणि वेगवान प्रतिक्रिया शाबूत, हा मेळ मेनियरच्या रुग्णांत वारंवार आढळतो. म्हणून दोन्ही अहवाल श्रवणचाचणीच्या शेजारी ठेवूनच वाचावेत.

प्रश्न : सलग दोन दिवस चक्कर असलेल्या वडिलांना पक्षाघात आहे का, हे डॉक्टरांनी आधी डोळे पाहून ठरवले. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : प्रशिक्षित हातांत, आणि चक्कर व डोळ्यांचे झटके चालू असताना, होय. २००९ साली मांडलेल्या ‘हिंट्स’ या पद्धतीत हेड इम्पल्स, झटक्यांची दिशा आणि दोन्ही डोळे वर-खाली न होता एका पातळीत आहेत का, या तीन गोष्टी तपासतात. येथे हेड इम्पल्स निर्दोष येणे हेच चिंतेचे लक्षण असते, कारण अशी सलग चक्कर कानाच्या दोषामुळे असती तर ती सहसा बिघडली असती. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा पक्षाघात पहिल्या ४८ तासांत एमआरआयमध्येही निसटू शकतो, आणि सीटी स्कॅन तर त्यासाठी फारसा उपयोगी नाही. दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे किंवा उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही असल्यास क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : जेंटामायसिन या प्रतिजैविकामुळे माझ्या दोन्ही कानांचे संतुलन गेले आहे. काही नवे संशोधन आहे का?

उत्तर : आहे, पण ते प्राथमिक टप्प्यावर आहे. जॉन्स हॉपकिन्स येथील गटाने २०२१ मध्ये आठ जणांवरील संतुलन-प्रत्यारोपणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात डोक्यावरील संवेदक गती मोजतो आणि नलिकांजवळ बसवलेले इलेक्ट्रोड मज्जातंतूला संकेत देतात. उभे राहणे व चालणे यांत सुधारणा दिसली, परंतु प्रत्यारोपण केलेल्या कानाचे ऐकणे कमी झाले. हे संशोधन पुढे सरकेपर्यंत नजर स्थिर ठेवण्याचे आणि चालण्याचे व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली नियमित करावेत, आणि अंधारात वावरताना आधार घ्यावा.