अक्कांचा निकाल कोण लावणार?

पत्र : ताई, जय ख्रिस्त. मी सोलापूरची, वय ३६, दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी आई ड्युटीवर गेली की शेजारच्या अक्का मला सांभाळायच्या. अक्का पद्मशाली, विड्या वळायच्या. वडील पिऊन आले की आईला मारायचे, तेव्हा अक्का मला त्यांच्या घरात ओढून घ्यायच्या आणि आतून कडी लावायच्या. गेल्या वर्षी वडील वारले. शेवटच्या महिन्यात त्यांनी पाळकांसमोर पश्चात्ताप केला. आईची किंवा माझी माफी मात्र मागितली नाही. दफनाला सगळे म्हणाले, प्रभूच्या कुशीत गेले. दोन महिन्यांपूर्वी अक्का गेल्या. प्रार्थनासभेत मला रडू आवरेना, तर मंडळीतले एक काका म्हणाले, "तिनं प्रभूला स्वीकारलं नव्हतं. ती कुठं गेली ते शास्त्रात स्पष्ट आहे." तेव्हापासून मी चर्चमधलं प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. मारणारा स्वर्गात आणि वाचवणारी नरकात, हा कसला न्याय? की असं विचारणंच पाप आहे?

उत्तर :

लेकी, जय ख्रिस्त. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि अक्कांच्या त्या कडीपाशी दोन्ही वेळा थांबले.

आधी शेवटचा प्रश्न घेते. नाही, हे विचारणं पाप नाही. उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढून बघ. पापानं भरलेल्या सदोम गावाचा देव नाश करणार हे कळल्यावर अब्राहाम गप्प बसत नाही. "सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?" असं तो देवाला तोंडावर विचारतो. मग गावात पन्नास नीतिमान निघाले तर गाव वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस? असं करत करत दहावर येतो. त्याचा पुतण्या लोट त्या गावात राहत होता, पण अब्राहाम एकट्या लोटासाठी बोलत नाही, अख्ख्या गावासाठी शब्द टाकतो. देव एकदाही त्याच्यावर रागावत नाही. काही दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचंही तेच. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन पानंच्या पानं बोलले, ईयोब मात्र देवाशी भांडला. आणि शेवटी देव रागावला तो मित्रांवर.

माझं बालपणही सोलापुरातच, विडी कामगारांच्या पूर्व भागात गेलं. आमच्या शेजारची बाई विड्या घेऊन कारखान्यात जायची तेव्हा मी तिचा पदर धरून जायचे. विड्या तपासणारा चेकर जुडी हातात घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि चार-सहा विड्या बाजूला फेकायचा. छाट. का काढली, हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर दुसऱ्या दिवशी जास्त छाट निघायची. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकलेली ती बाई मान खाली घालून परत यायची. त्या काकांनी तुझ्यासमोर देव असा चेकर करून उभा केला, असं मला वाटतं. अब्राहामाचा देव तसा नाही. त्याला "का?" विचारता येतं.

आता अक्कांबद्दल. योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे; माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही" हे वचन काकांच्या मनात असणार. मीही ते पूर्ण मानते. पण तारण, म्हणजे पापातून सुटका, कोण करतो हे ते वचन सांगतं. त्यानं कुणाकुणाला हाताला धरून नेलं याची यादी प्रभूनं आपल्या खिशात दिलेली नाही. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की मोशेचं नियमशास्त्र न मिळालेले लोकही त्यातलं वागतात, तेव्हा ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं दिसतं. लूकच्या बाराव्या अध्यायात धन्याची इच्छा ठाऊक असलेल्या दासाला जास्त फटके आहेत आणि ठाऊक नसलेल्याला थोडे. म्हणजे कुणाला किती कळलं होतं, हे धरूनच हिशोब होतो. लहानपणापासून वचन ऐकलेले तुझे वडील आणि आपल्या घराण्याच्या देवाला हात जोडणाऱ्या अक्का यांना एकाच मापानं मोजणार, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही.

यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत आहे असं मी सांगणार नाही. विश्वास तोंडानं कबूल केल्याशिवाय तारण नाही, असं मनापासून मानणारे पुष्कळ आहेत आणि तेही शास्त्रच वाचतात. पण दुसऱ्या शतकात, ज्याला आपण हुतात्मा जस्टिन म्हणतो, त्यानं ख्रिस्ताच्या आधी होऊन गेलेल्या सॉक्रेटिसासारख्यांनाही 'शब्दा'प्रमाणे, म्हणजे आरंभापासून असलेल्या ख्रिस्ताप्रमाणे, जगलेले म्हटलं. आणि १९६४ साली कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचली नाही, पण जे सरळ मनानं देवाला शोधतात आणि विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आपण कॅथलिक असू वा नसू, काकांचं म्हणणं हेच एकमेव ख्रिस्ती उत्तर नाही, एवढं तरी यातून तुला कळावं. अक्का स्वर्गात आहेत अशी चिठ्ठी मी तुला लिहून देणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण उलटी चिठ्ठी द्यायचा अधिकार काकांचाही नाही, आणि त्यांनी ती दिली. तुझ्या रडण्याच्या वेळी दिली, याचं मला फार वाईट वाटतं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खाऊ घातलंत; ते विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी पाहिलं? आपण कुणाची सेवा करत होतो हे त्यांना माहीतच नव्हतं. भेदरलेल्या पोरीला आत घेऊन कडी लावणाऱ्या बाईची मला इथं आठवण होते.

वडिलांचं जास्त अवघड आहे. वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या घटकेला सुखलोक मिळाला, तसा त्यांनाही मिळू शकतो. हे मी नाकारलं तर माझ्याही आशेला काही अर्थ उरत नाही. पण लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे बघ. प्रभू घरी आला तेव्हा त्यानं नुसते डोळे पुसले नाहीत, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन म्हणाला. डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रभू सांगतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. तुझे वडील थेट वेदीवर गेले, आईपाशी थांबलेच नाहीत. ही उणीव खरी आहे आणि दफनाच्या वेळच्या चार चांगल्या शब्दांनी ती भरून येत नाही. देवानं त्यांना क्षमा केली असेल, तरी आईला बसलेला मार झालाच नाही, असं होत नाही.

म्हणूनच न्यायाच्या दिवसाची मला भीती कमी आणि ओढ जास्त वाटते. ९६व्या स्तोत्रात देव न्याय करायला येतोय म्हणून रानातली झाडं आनंदानं गातात. लहानपणी मला कळायचं नाही, न्यायाला कुणी गातं का? ज्यांचं कुणी ऐकलं नाही ते गातात, लेकी. तुमच्या घरात दार लावून जे झालं ते त्या दिवशी उघड वाचलं जाईल, आणि अक्कांनी जे केलं तेही. वडिलांवर कृपा झालीच, तर ती हे सगळं वाचून झाल्यावरची कृपा असेल.

आता करायचं काय ते सांगते. पाळकांना एकटी जाऊन भेट. काकांबद्दल तक्रार म्हणून जाऊ नकोस, मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. वडिलांनी माफी मागितली नाही हे त्यांना बहुतेक ठाऊकही नसेल. काकांशी वाद घालत बसू नकोस, त्यात तुझीच झोप जाईल. अक्कांच्या घरी जा, दोन महिने तुझं पाऊल तिकडं वळलं नसेल तर आणखी लांबवू नकोस. हवं तर नुसती पायरीवर बसून ये, पण जा.

आणि एक गोष्ट मला खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात तुझ्या आईचं एकही वाक्य नाही. मार तिनं खाल्ला, शेजारी म्हणून अक्कांशी जन्मभर नातं तिचंही होतं. त्या सभेत ती कुठं बसली होती? काका बोलले तेव्हा तिनं काय केलं? हे आधी तिला विचार, घरी, दोघीच असताना. प्रभुभोजनाला पुन्हा कधी बसायचं ते मग मायलेकींनी मिळून ठरवा.