वाचकांचे प्रश्न : नाताळचे ताट आणि त्याआधीचा उपास

नाताळच्या खाण्यापिण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी बहुतेक उत्तरे शोधताना मला एकाच ठिकाणी, म्हणजे सणाच्या आधीच्या उपासापाशी, यावे लागले.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या आजीच्या बोलण्यात वळिवड्याच्या छावणीतील पोलंडच्या लोकांचा उल्लेख नेहमी येई. हे लोक नाताळच्या मुख्य जेवणात मांस खात नाहीत, असे अलीकडे वाचले. सणालाच मांस वर्ज्य, हे कसे?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघात हद्दपार झालेले आणि तेथून इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यास राहिले, त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. आपल्या आजींनी पाहिलेले लोक ते हेच.

पोलंडमध्ये नाताळचे मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होते. त्याला विगिलिया म्हणतात आणि या मूळच्या लॅटिन शब्दाचा अर्थ जागरण असा आहे. सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य करून उपास पाळायचा आणि मध्यरात्री चर्चमध्ये उपासनेला जायचे, हा जुना ख्रिस्ती रिवाज. विगिलियाचे ताट हे त्या उपासाचे ताट आहे. मात्र या ताटात प्रेषितांच्या संख्येइतके बारा पदार्थ असावेत, असा संकेत असल्याने, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण फक्त आपल्यालाच लागू पडते असे समजण्याचे कारण नाही.

आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही, त्यामुळे मुले खिडकीपाशी टक लावून उभी असतात. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात आणि घरात जितकी माणसे असतील, त्यांपेक्षा एक ताट जास्त मांडतात. ते ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. अनेक घरांत ते गेलेल्या माणसाच्या आठवणीचेही असते. जेवणाआधी पीठ आणि पाणी एवढ्यावरच केलेली, चित्र उठवलेली एक पातळ पांढरी चकती प्रत्येकाच्या हाती दिली जाते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चकतीचा तुकडा मोडून घ्यायचा, आपली पुढे करायची आणि शुभेच्छा द्यायच्या. हे घरातल्या प्रत्येकाशी करावे लागत असल्यामुळे वर्षभराचा अबोलाही त्या वेळी बाजूला ठेवावा लागतो. मला या सणातला हा भाग पदार्थांपेक्षाही मोलाचा वाटतो.

त्यानंतर बिटाचे आंबूस सार येते आणि त्यात अळंब्यांचे सारण भरलेल्या, ‘छोटे कान’ अशा अर्थाच्या नावाच्या पिठाच्या गाठी सोडलेल्या असतात. पिएरोगी दिसायला थेट आपल्या करंजीसारखी, पण ती पाण्यात उकडलेली आणि आत आंबवलेली कोबी व अळंबी. खारवलेला हेरिंग, तळलेला कार्प, सुक्या फळांचे उकळून केलेले पेय आणि शेवटी काळसर खसखशीचे सारण गुंडाळून भाजलेली पोळी. उपासाला मांस चालत नाही, पण मासे चालतात, म्हणून तळ्यातल्या कार्पला हा मान मिळाला. तो आणून दोन-तीन दिवस घरच्या न्हाणीच्या टबात जिवंत ठेवण्याची पद्धत गेल्या पिढीपर्यंत सर्रास होती, आणि तेवढ्या दिवसांत मुलांना त्याचा लळा लागून ऐन वेळी रडारड होई. कार्पचे एक खवले पैशाच्या पाकिटात वर्षभर जपून ठेवले की पैसा टिकतो, असेही मानतात.

प्रश्न (पुणे) : जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलीने ड्रेस्डेनचा श्टोलेन पाठवला आहे. वरून पिठीसाखरेचा जाड थर आणि आतून कोरडा. तो शिळा तर झाला नसेल?

उत्तर : काळजी नसावी. श्टोलेन ताजा खायचा पदार्थच नव्हे. भट्टीतून निघाल्यावर त्याला वितळलेले लोणी चोपडून साखरेत घोळवतात, तो थर आतला ओलावा धरून ठेवतो, आणि दोन-तीन आठवडे मुरल्यावर मनुका व संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या सालींचा वास सबंध पावात उतरतो. एका टोकाने न कापता मधोमध कापावा, लागतील तेवढ्या चकत्या काढून दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांना भिडवून गुंडाळून ठेवावे, म्हणजे तो कोरडा पडणार नाही.

आज लोण्याने भरलेला हा पाव मुळात उपासाचा होता, हे सांगितले तर आपल्याला गंमत वाटेल. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत लोणी वर्ज्य असल्याने तो तेलात होई, आणि तेथे मिळणाऱ्या तेलाला काही चव नसे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे तक्रार केली आणि १४९१ साली आठवे इनोसंट यांच्या पत्राने, काही रक्कम भरण्याच्या अटीवर, लोणी वापरण्यास मोकळीक मिळाली. ते पत्र ‘लोण्याचे पत्र’ म्हणूनच ओळखले जाते.

प्रश्न (नाशिक) : काही देशांत नाताळ ७ जानेवारीला का असतो?

उत्तर : पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले, पण काही पौर्वात्य चर्च सणांसाठी जुनेच पंचांग मानतात. सध्या दोहोंत १३ दिवसांचे अंतर आहे. इथिओपियाचे पंचांग स्वतंत्र असले, तरी तेथील नाताळही, ज्याला गेना म्हणतात, बहुधा याच दिवशी येतो.

गेनाच्या आधी ४३ दिवस मांस, दूध, लोणी, अंडी असे काहीही न खाता उपास पाळतात. तो सुटतो दोरो वतने. भरपूर कांदा मंद आचेवर तासन्‌तास परतून, लाल मिरचीचा मसाला आणि मसाल्यात कढवलेले तूप घालून केलेला हा कोंबडीचा दाट रस्सा असतो, आणि त्यात अख्खी उकडलेली अंडी असतात. वर्ज्य असलेले सारे एकाच भांड्यात परत येते. कोंबडीचे तुकडे रूढीने बारा करतात. टेफ या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून केलेल्या, आंबोळीच्या जवळ जाणाऱ्या मोठ्या इंजेरावर तो वाढतात आणि सगळे एकाच ताटाभोवती बसून जेवतात.

प्रश्न (ठाणे) : जपानमध्ये नाताळला केंटकीची तळलेली कोंबडी खातात, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. या कंपनीने १९७४ साली देशभर केलेल्या जाहिरातीने ती सवय लागली आणि आता कित्येक आठवडे आधी मागणी नोंदवतात. सोबत मलई आणि स्ट्रॉबेरीचा पांढरा केक असतो. तेथे ख्रिस्ती लोक फार थोडे आहेत आणि २५ डिसेंबरला सुटीही नसते. घरच्यांनी एकत्र जमायचा सण म्हणजे नववर्ष, त्यामुळे नाताळच्या या कोंबडीमागे उपास शोधू नये.

प्रश्न (अहिल्यानगर) : आमच्या ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळी होतात आणि ताटे शेजारी जातात. ‘हा तर दिवाळीचा फराळ’ असे शेजारी म्हणतात. गोव्यातही असेच असते का?

उत्तर : पदार्थ वेगळे, रीत तीच. गोव्यात नाताळच्या गोडाधोडाला कुस्वार म्हणतात. त्यात आपल्या करंजीच्या कुळातली नेवरी असते, नारळाच्या रसाचा आणि गुळाचा दोदोल असतो, हरभऱ्याच्या डाळीचे दोस आणि पेरूचा पेराद असतो. ते ताट झाकून शेजाऱ्यांकडे पाठवतात, हिंदू घरीही पाठवतात, आणि त्या देण्याला कोन्सुआद म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगालमध्ये तो २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणासाठी वापरतात, ज्यात खारवलेला कॉड मासा आणि बटाटे उकडून वाढतात. आणि त्याहून जुना अर्थ पाहिला तर उपासाच्या दिवशी घ्यायचे हलके खाणे. गोव्यात पोचेपर्यंत त्याची मिठाई झाली.

आपल्या शेजाऱ्यांना एवढे जरूर सांगावे की ‘फराळ’ हा शब्दही ‘फलाहार’ या उपासाच्या शब्दावरूनच आला आहे, आणि त्याचीही चकली झालेली आहे.