वर्षअखेरच्या उपासनेत उभं राहून काय बोलू?

प्रश्न : पाळकीणबाई, सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ डिसेंबरच्या रात्री उपकारस्मरणाची उपासना असते. एकेक कुटुंब उठून साक्ष देतं, म्हणजे देवानं वर्षभरात काय दिलं ते सगळ्यांसमोर सांगतं. कुणाचा विरारला फ्लॅट झालेला असतो, कुणाच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळालेला असतो. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या यंदा पावसाळ्यात निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, नोकरीही सुटली. सासूबाई म्हणतात, जायचंच, उभं राहायचंच, आणि दानाच्या पाकिटात गेल्या वर्षीइतकेच पैसे घालायचे, नाहीतर देव आणखी काढून घेईल. माझ्याच्यानं तिथं खोटं बोलवणार नाही. घरी थांबले तर मी कृतघ्न ठरेन का?
— एक बहीण, कुर्ला

उत्तर : सलाम, बाळ. कृतघ्न माणसाला असा प्रश्नच पडत नाही.

सासूबाईंच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती भीती मला पुष्कळ घरांत दिसते. आभार मानले नाहीत तर देव दिलेलं काढून घेतो, असं त्यांना वाटतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या १७व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठव. बरे झाले दहाही जण, पण परत येऊन प्रभूच्या पायांशी पडला तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. प्रभूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्या विचारण्यात दुःख आहे. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूक कुठंही लिहीत नाही. सासूबाईंना हा भाग वाचून दाखव. वाद घालू नकोस, नुसता वाच. मुलाचं दुखणं बघून त्यांचाही जीव थाऱ्यावर नसेल.

आता उपासनेचं. वर्षअखेरचं हे जागरण कशासाठी सुरू झालं, ते आपण विसरून गेलोय. मोरेव्हियन या जुन्या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांत अशी रात्रीची उपासना होती. पुढे १७४०च्या दशकात मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लोकांनी ती उचलली, ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडमध्ये, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसांत. पूर्वी दारूच्या गुत्त्यात रात्र काढणारी ती माणसं आता प्रार्थनेत आणि गाण्यात जागू लागली. व्हिसा आणि फ्लॅट यांची यादी वाचायला ती जमत नव्हती. साक्ष म्हणजे वर्षभराच्या कमाईचा अहवाल, असं रूप आपण तिला दिलं. पाळकसाहेबांनी हे वेदीवरून स्पष्ट सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांचा फ्लॅट झाला त्यांनी जरूर आनंद करावा, पण त्या रांगेत तुझ्यासारखीला जागाच उरत नसेल तर ती उपासना अपुरी आहे.

आणि रडगाणं देवापुढे चालत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला ८८वं स्तोत्र उघडायला सांग. अख्खं स्तोत्र गाऱ्हाणं आहे, शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. धन्यवादाची एक ओळ शेवटी जोडून ते गोड केलेलं नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळीनं ते शतकानुशतकं म्हटलं आहे.

माझं लग्न होऊन मी भायखळ्याला आले ते गिरणी संपाचं वर्ष, १९८२. जानेवारीत संप सुरू झाला आणि डिसेंबर आला तरी मिटायचं नाव नव्हतं. आमच्या मंडळीत लालबाग-परळकडची गिरणीत काम करणारी कुटुंबं बरीच होती. त्या वर्षअखेरीला साक्षींची वेळ आली तेव्हा बराच वेळ कुणीच उठेना. पेटीवाला नुसता भात्यावर हात ठेवून बसलेला. मग साचेखात्यातले, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे, एक गृहस्थ उठले. शर्ट धुवट, पण इस्त्री कडक. म्हणाले, "देवानं यंदा काय दिलं ते मला अजून कळलेलं नाही. पण आमच्या नाक्यावरच्या वाण्यानं अकरा महिने उधारीवर तांदूळ दिला. तो आपल्या मंडळीतला नाही. त्याचं नाव इथं घेतलं जावं." त्यांनी नाव घेतलं आणि खाली बसले. त्यानंतर मात्र एकामागून एक माणसं उठली. कुणी चाळीतल्या शेजारणीचं नाव घेतलं, कुणी गावाहून बाजरी पाठवणाऱ्या भावाचं. उपकारस्मरण हा शब्द मी तोवर शेकडो वेळा उच्चारला होता, पण उपकार करणाऱ्याचं नाव घेऊन केलेलं स्मरण मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा तू जा. घरी एकटीनं बारा वाजायची वाट बघण्यापेक्षा माणसांत बस. उभं राहायची सक्ती नाही, तसं पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेव, म्हणजे कुणी तुझं नाव पुकारणार नाही. उभी राहिलीसच तर आजार देवाच्या योजनेत होता वगैरे म्हणू नकोस. तुला तसं वाटत नसेल तर ते बोलायचं ओझं तुझ्यावर कुणी टाकलेलं नाही. डायलिसिसच्या खोलीत सुई टोचताना तुझ्या मिस्टरांशी नीट बोलणारी एखादी सिस्टर असेल, पहाटे डबा आणून देणारी शेजारीण असेल. नाव घे आणि बस. कुणीच आठवलं नाही तर मंडळीला सरळ सांग, आमच्यासाठी प्रार्थना करा. तीही साक्षच.

पाकिटाचं. गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपण मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवतो आणि मग पाकिटांवरच्या रकमा माईकवरून वाचतो, याचा मला मनापासून राग आहे. तू जमेल ते घाल, पाकिटावर आकडा लिहू नकोस. गेल्या वर्षीइतकं घालायचा हट्ट सासूबाईंनी सोडला नाही, तर त्यांना म्हण, तेवढे पैसे त्यांच्याच लेकाच्या औषधांचे आहेत.

आणि एक विचारते, कारण पत्रात तू त्याबद्दल लिहिलेलं नाहीस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भेट. मंडळीत एखादी निवृत्त सिस्टर नक्की असेल, तिला सोबत ने. हे काम नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आधी कर, आणि काय झालं ते मला कळव.