आधी आवाजाची पातळी जुळवा, मग डॅक निवडा

भाऊ, आपण लिहिले आहे की अमळनेरला आपल्या घरी चार मित्रांनी मिळून दोन डॅक (डिजिटल संगीताचे ॲम्प्लिफायरला देता येईल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारी उपकरणे) आलटून-पालटून ऐकले, चौघांनाही महाग डॅकचा आवाज अधिक मोकळा आणि भरदार वाटला, आणि आता तो विकत घ्यावा की त्याच पैशांत ॲम्प्लिफायर बदलावा, हे आपल्याला ठरवायचे आहे. दोन्ही डॅकच्या आवाजाची पातळी मोजून सारखी केली होती का, याचा मात्र आपल्या वर्णनात उल्लेख नाही. ती केली नसेल, तर चौघांचे एकमत असूनही त्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

सीडी प्लेअरच्या काळापासून लाइन आउटपुट (ॲम्प्लिफायरकडे जाणारा संकेत) पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट असावे असा प्रघात आहे, पण आजचे कित्येक डॅक त्याहून थोडे अधिक देतात. २ आणि २.३ व्होल्ट यांत सव्वा डेसिबलच्या आसपास फरक पडतो. एवढा फरक 'आवाज वाढला' असा जाणवतोच असे नाही. तो जाणवतो खोल बेस, सुटे तपशील आणि गायकाची जवळीक म्हणून.

मागच्या हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने आम्ही पाच जण जळगावला माझ्याकडे जमलो होतो, तेव्हा हेच घडले. दुसऱ्या डॅकमध्ये तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा झंकार) जास्त खुलते, असे सर्वांत आधी मीच म्हणालो, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तर एका डॅकला २.८३ आणि दुसऱ्याला ३.२० व्होल्ट. हा फरक १ डेसिबलहून किंचित अधिक होतो. पातळी जुळवून, कोणता डॅक चालू आहे हे न कळू देता १६ फेऱ्या घेतल्या, तेव्हा माझी ७ उत्तरे बरोबर आली आणि इतरांपैकी कोणीही १० च्या पुढे गेले नाही. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते, म्हणून फरक खरोखर ओळखला असे म्हणायला निदान १२ ही मर्यादा धरावी.

जुळवणीसाठी ४०० हर्ट्झच्या आतला एकच स्थिर सूर वाजवा, कारण साधे मल्टिमीटर त्यापुढे अचूक राहीलच असे नाही. ज्या डॅकचा आवाज मोठा आहे त्याचा व्हॉल्यूम उतरवून दोन्ही आकडे २.८३ व्होल्टच्या जवळ, एकमेकांपासून तीन शतांश व्होल्टच्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. मल्टिमीटरचे प्रोब (तारांची टोके) एकमेकांना टेकू देऊ नका. नंतर एकाने ऐकणाऱ्यांच्या नजरेआड बसून नाणे उडवून डॅक निवडावा, आणि प्रत्येकाने न बोलता कागदावर उत्तर लिहावे. आपल्याकडे वडीलधाऱ्या आप्पांनी 'वा!' म्हटले की त्यांच्यापुढे वेगळे मत मांडणे कोणालाही अवघड जाते, म्हणून कागद हवाच. तुकडे काही सेकंदांचेच ठेवा. सूक्ष्म फरकाची आठवण कानात फार वेळ टिकत नाही.

२००७ साली मायर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात सीडीच्या दर्जाचे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ रूपांतर घातले होते. ते ओळखण्याच्या ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे जवळपास निम्मेच. म्हणून दोन सुस्थितीतल्या डॅकमध्ये पातळी जुळल्यावरही मोठा फरक ऐकू आला, तर मी आधी जोडणीत किंवा सेटिंगमध्ये दोष शोधतो.

ॲम्प्लिफायरचे तसे नाही. भुसावळच्या एका मित्राचा वाल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर आम्ही असाच झाकून ऐकला, आणि तो मी १६ पैकी १५ वेळा ओळखला. त्यात गूढ काही नाही. स्पीकरचा अवरोध (विद्युत प्रवाहाला होणारा विरोध) एखाद्या वारंवारितेला ४ ओहम, तर दुसऱ्या ठिकाणी २० ओहम असू शकतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट अवरोध २ ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या पातळीत पावणेतीन डेसिबलच्या जवळ तफावत पडते. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये तीच तफावत ०.१ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. दुसरे कारण ताकदीचे: मोठ्या खोलीत, कमी संवेदनशील स्पीकरवर ढोलकीची थाप पडते तेव्हा लहान ॲम्प्लिफायर क्लिप होतो (ताकद अपुरी पडून लहरीचे शेंडे कापले जातात) आणि थाप चिरकी येते. मात्र दोन ॲम्प्लिफायरचे आउटपुट एकत्र जोडून कधीही तुलना करू नका. तारा बदलताना दोन्ही बंद ठेवा, नाहीतर एखादा जळेल.

बैठक थंडीत आणि रात्री ठेवा. मे महिन्यात आपल्या भागात पारा ४५ अंशांवर जातो, पंखा बंद ठेवून तासभर बसणे शक्य नसते, आणि पंख्याच्या घरघरीखाली हे बारीक फरक झाकले जातात.

आपण स्पीकर कोणते आहेत आणि खोली केवढी आहे, हे लिहिलेले नाही. ॲम्प्लिफायरबद्दल सांगण्यासाठी मला तेवढे कळवा. डॅक अजून मित्राकडे असेल तर तो परत मागून ठेवा. एखाद्या रविवारी मल्टिमीटर घेऊन मी अमळनेरला येतो; तोवर पैसे देऊ नका.