पीडीएफ फिरवणं: वाङ्मयचौर्य, चाचेगिरी की प्रताधिकारभंग?

विचारणा अशी: पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्याला वाङ्मयचोर म्हणावं का? आणि कॉपीराइटला प्रताधिकार म्हणायचं की स्वामित्वहक्क?

वाङ्मयचोर म्हणू नये. दुसऱ्याचं लेखन स्वतःच्या नावावर खपवणं ते वाङ्मयचौर्य. पीडीएफवर लेखकाचं नाव तसंच असतं. फिरवणारा विनापरवानगी प्रती वाटतो, म्हणून तो प्रताधिकारभंग. या दोन्हींतला फरक एका उदाहरणात पाहा. साने गुरुजी १९५० साली गेले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं मोजतात, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून कुणालाही छापता येतं. त्यातलं प्रकरण कुणी आपलं म्हणून छापलं, तर प्रताधिकाराची मुदत संपलेली असली तरी वाङ्मयचौर्य होतंच. (नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रं, मुखपृष्ठ यांचा प्रताधिकार मात्र वेगळा चालू असतो. अख्खी आवृत्ती स्कॅन करणारे इथेच अडकतात.)

चाचेगिरी (पायरसी) हा शब्द बातमीच्या मथळ्यापुरता ठीक. वादात तो नको, कारण तो आधीच निकाल देऊन मोकळा होतो. चाच्यांनी जहाज लुटलं की मालकाकडे माल उरत नाही. प्रत काढली तर मूळ पुस्तक जागेवरच राहतं, बुडते ती होऊ शकणारी विक्री. लेखकाचं हे नुकसान खरंच आहे, पण किती आणि कोणत्या प्रतीमुळे, हे तपासावं लागतं.

स्वामित्वहक्क म्हटलं की घर-जमिनीसारखा कायमचा हक्क वाटतो. प्रताधिकार मुदतीचा आहे आणि त्याला अपवाद आहेत. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा नैसर्गिक हक्क नसल्याचं म्हटलं आणि प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मधल्या अध्यापनाच्या सवलतीवर बोट ठेवलं. म्हणून माझं मत प्रताधिकारालाच. त्यात भाषांतर आणि रूपांतरही येतं, तेवढा अर्थ शब्दात दिसत नाही, ही त्याची उणीव.

करारात ही उणीव महागात पडते. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढ्यावर सही करू नका. छपाई, ई-पुस्तक, श्राव्यपुस्तक, भाषांतर, चित्रपट असे हक्क एकेक करून लिहा, मुदत आणि प्रदेशही लिहा. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत.