1→2→3 या क्विव्हरचे इनडिकम्पोझेबल मोड्यूल 3 की 6?

तुम्ही शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताय आणि विचारलंय की 1→2→3 या क्विव्हरवर (शिरोबिंदू आणि बाणांची आकृती; मोड्यूल म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूवर व्हेक्टर स्पेस आणि प्रत्येक बाणावर लिनिअर मॅप) हाताने मोजले तर 3च इनडिकम्पोझेबल, म्हणजे लहान मोड्यूलांच्या डायरेक्ट सममध्ये न फुटणारे, मोड्यूल मिळतात, गॅब्रिएलच्या प्रमेयाने (कोणत्या क्विव्हरचे इनडिकम्पोझेबल मर्यादित असतात ते सांगणारं) 6 हवेत, मग उरलेले कुठे गेले?

तुम्ही मोजलेत ते सिंपल मोड्यूल, म्हणजे 0 आणि स्वतः सोडून आत सबमोड्यूल नसलेले. इनडिकम्पोझेबलची अट त्यापेक्षा सैल आहे: आत सबमोड्यूल असला तरी चालतो, फक्त तो डायरेक्ट सममध्ये सुटा होता कामा नये. 1 आणि 2 वर क हे फील्ड, 3 वर 0, आणि 1→2 हा बाण आयडेंटिटी घ्या. 2 वरचा क सबमोड्यूल आहे. 1 वरचा नाही, कारण बाण त्याला 2 वर नेतो. जोडीदार सबमोड्यूलच मिळत नाही, मग फुटणार कसा? हा (1,1,0), म्हणजे 1, 2, 3 वरची डायमेन्शन क्रमाने; यालाच डायमेन्शन व्हेक्टर म्हणतात. तसेच (0,1,1) आणि (1,1,1). (1,0,1) मात्र नाही. मध्ये 0 असल्यामुळे दोन्ही बाण शून्य होतात आणि तो सरळ फुटतो. म्हणजे सलग तुकडेच मोजायचे: न शिरोबिंदूंच्या साखळीत न(न+1)/2.

इथे बहुतेकांची चूक होते ती फक्त डायमेन्शन व्हेक्टर बघण्यात. (1,1,0) मध्येच बाण शून्य ठेवला तर मोड्यूल फुटतो. म्हणून एंडोमॉर्फिझम (मोड्यूलमधून त्याच मोड्यूलमध्ये जाणारे, बाणांशी जुळणारे मॅप) काढायची सवय लावा. आयडेंटिटी असताना जोडी (अ,ब), म्हणजे 1 आणि 2 वरचे स्केलर, हिला अ=ब व्हावंच लागतं, रिंग क येते. शून्य बाणाला अ आणि ब मोकळे, (1,0) हा आयडेम्पोटंट (ज्याचा वर्ग तोच) मिळतो आणि तोच फोड दाखवतो. 0 आणि 1 सोडून आयडेम्पोटंट नसेल तरच मोड्यूल इनडिकम्पोझेबल.

खरी गंमत डी4 मध्ये आहे, म्हणजे मधल्या एका शिरोबिंदूला तीन हात असलेल्या क्विव्हरमध्ये; तो नक्की करून बघा. मध्ये 2 डायमेन्शन, तीन हातांवर प्रत्येकी 1, बाण आत येणारे, प्रतिमा (1,0), (0,1), (1,1) या दिशांच्या रेषा. तिन्ही रेषा जपणारी मॅट्रिक्स स्केलरच असते, म्हणून हा फुटत नाही. दोन रेषा एकच घेतल्या की लगेच फुटतो. डी4 चे एकूण 12 इनडिकम्पोझेबल होतात.

आता चौथा हात जोडा, त्याची रेषा (1,त). परिमेय संख्यांवर त=2 आणि त=3 घेऊन एका मोड्यूलमधून दुसऱ्यात जाणारे होमोमॉर्फिझम काढा. पहिल्या तीन रेषांमुळे मॅट्रिक्स स्केलर, आणि (1,2) ला (1,3) च्या रेषेत न्यायचं तर तो स्केलर 0च. डायमेन्शन व्हेक्टर एकच, पण प्रत्येक त ला नवा मोड्यूल. म्हणूनच ही आकृती मर्यादित इनडिकम्पोझेबल असलेल्या आकृत्यांच्या गॅब्रिएलच्या 1972 च्या यादीत, म्हणजे ए, डी, ई6, ई7, ई8 मध्ये, बसत नाही.